हात लावला तर

बतोनो ओतारच्या दुकानात, तिबिलिसीत,
भुयारी रस्त्यातल्या तिसऱ्या गाळ्यात,
हात लावलेली वस्तू परत ठेवता येते.
मी दोनदा विचारून घेतलं.
मी जिथे काम करते तिथे नाही ठेवता येत.

मी बुद्धिबळाचे फोटो काढते.
चौदा वर्षांखालच्या मुली,
कुतायसी, झुगदिदी, क्वचित बातुमी.
पहिली पाच मिनिटं हवे तेवढे काढा,
मग पंच नुसता तळहात दाखवतो.
गेल्या मार्चात पंच चहाला गेला होता.
केतोचा हात पटावर तरंगत होता
उंट आणि घोड्याच्या मधोमध,
आणि माझ्या कॅमेऱ्यातला आरसा उडाला.
खट्टाक्.
बोट दचकलं, उंटाच्या टोकाला टेकलं.
नियम म्हणजे नियम. उंटच हलवावा लागला.
सतरा चालींनंतर तिने राजा आडवा केला
आणि माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही.

म्हणून बिनआरशाचा.

ओतार दोन कॅमेरे मखमलीवर ठेवतो.
हा मोठ्या सेन्सरचा, अंधारात मांजरासारखा बघतो,
पण याची भिंगं म्हणजे हत्ती,
एकेक पोसता पोसता म्हातारी होशील.
हा लहान. याची भिंगं मुठीत मावतात,
तेवढ्याच पैशात तीन येतील,
फक्त दिवेलागणीनंतर फोटोत रवा सांडलेला दिसेल.
माझ्याकडे चार हजार दोनशे लारी,
जुना सगळा संसार मोडून आलेले धरून.

मी पस्तीस लावून बघते, काढते.
पंच्याऐंशी लावते. काढत नाही.
घोडं पेंड खातं ते माऊंटपाशी.
कॅमेरा काय, चार वर्षांनी बदलशील, ओतार म्हणतो,
पण पहिलं भिंग ज्या घरचं घेतलंस
त्याच घरी नांदायचं.
ॲडॉप्टर आहे, सावत्र नातं,
जेवायला वाढतं, पण वेळेवर नाही.

मी डोळा लावते.
पलीकडे फुलवाली मोड मोजतेय.
दाबते. आवाज नाही, काळोख नाही,
तिचं बोट नाण्यावरून सरकलेलंही दिसतं.
एकवीस वर्षं मी हेच केलं आणि कळलं नाही:
आरसा वर जायचा तेव्हा मी आंधळी असायचे.
जो क्षण टिपला तेवढाच नेमका
मी कधी पाहिला नव्हता.
केतोचं बोट टेकलं ते मी घरी, पडद्यावर पाहिलं.
आता सगळं दिसणार.
दिसणार म्हणजे, डोळ्यापुढच्या इवल्या टीव्हीवर,
कणभर शिळं.

आणि एक, ओतार म्हणतो, सांगून ठेवतो,
आवाज बंद केलास तर ट्यूबलाइटखाली पट्टे येतील.
येऊ देत, मी म्हणते.
मोठा घेतला. एकच भिंग, पंच्याऐंशी, दुसऱ्याच्या हातचं,
कडेवर ओरखडा, आत धुळीचा एक कण
जो ओतारला दिसत नाही आणि मला दिसतो.

ऑक्टोबरात गोरीच्या शाळेचं सभागृह.
पाच तास उभी होते, खांबाच्या आड,
दोनशे चाळीस फोटो,
एकाही मुलीने मान वर केली नाही.
केतो जिंकली.
बाहेर पायरीवर हिरव्या तारखुनाची बाटली घेऊन बसली होती,
जिभेपर्यंत हिरवी.
तुम्ही आज आत नव्हता ना, म्हणाली,
आई सांगत होती, म्हणूनच जमलं.
मी कॅमेऱ्याची पिशवी पाठीमागे सरकवली.
छान खेळलीस, म्हटलं,
आणि लगेच वाटलं, न बघता हे कसं म्हणाले?
तिला नाही वाटलं.

एक फोटो आहे त्यातला.
हात पुन्हा तसाच, अधांतरी,
चेहऱ्यावर पिवळसर पट्टे, आडवे,
आणि पट्ट्यांमधून ती, मी याआधी न पाहिलेली,
घोडा अजून न उचललेली.
तिच्या आईचा नंबर आहे माझ्याकडे.
रात्री फोटो उघडते, नंबर लावते,
बोट बटणावर आणते.
अजून टेकवलेलं नाही.